पंख्यातली लव

मागचं झाकण काढलं की मला पत्ता कळतो.
नाकात झोंबणारी पिवळट धूळ : विडी घरकुल.
तांबूस माती, त्यात एखादी मेलेली मुंगी :
होटगी रोडच्या पुढची नवी घरं.
की-बोर्डखाली मुरलेलं शेंगाचटणीचं तेल
कुठलंही असू शकतं.

आणि ही गुलाबी लव,
पंख्याच्या तोंडाशी दाबून बसलेली,
चिमट्यानं ओढली तर अख्खी निघते,
बोटभर लांबीची गादी.
टॉवेलचा कारखाना. अशोक चौक, नाहीतर त्याच्या मागची गल्ली.

"तुम्हाला कसं कळालं ओ?"
प्रणीत गुंडेटी, वय सतरा, महिन्यात तिसरी खेप.
ऐन लढाईत पडदा काळा होतो म्हणाला,
चौघं माझ्या भरवशावर, अन् मी मधूनच गायब.
सगळे शिव्या देतात. हैदराबादचा एक तेलुगूत देतो,
त्या जास्त लागतात.

मी पेस्ट बदलली, कुंकवाच्या बोटाएवढी.
मांडीवर ठेवू नको म्हटलं, गादीवर नको,
चादरीवर तर अजिबात नको.
आमच्या गावात हे सांगताना
जीभ जरा अडखळते.

दहा दिवसांनी पुन्हा दारात.
मग मीच गेलो, शटर लवकर ओढून.
मे महिना. संध्याकाळी सहाला बेचाळीस.
लोखंडी जिन्याच्या कठड्याला हात लावला नि काढला.
खाली आठ माग, वर पत्रा, मध्ये हा.
टेबलफॅन पुढून वारा देत होता
आणि मागून लव ओढत होता.
लॅपटॉप दोन विटांवर, खाली ओला टॉवेल.
"तो काढ आधी!" मी ओरडलोच.
आकडा बघितला :
सत्त्याण्णव.

त्याचे वडील वर आले, नरसय्या,
माग कानातच चालू असल्यासारखे मोठ्यानं बोलणारे.
"काय होतंय ह्याला सारखं सारखं?"
मी तळहातावर लव दाखवली.
त्यांनी चिमटीत चोळली, खिडकीच्या उजेडात धरली.
"ही तर आपलीच की. सोळा नंबर."
आणि हसले,
ओळखीचं माणूस भलत्याच गावात भेटावं तसे.

खाली जाऊन हवेचा पाइप घेऊन आले,
रोज रात्री माग झाडतात तो.
थांबा म्हटलं, पंखा धरायचा आधी,
मोकळा सोडला तर भर्रकन फिरतो, कामातून जातो.
त्यांनी खिशातून रिकामी कांडी काढली,
पात्यांत अलगद टेकवली.
मग फुंकर, छोटी. थांबून दुसरी.
बत्तीस वर्षं धागा न तोडता
झाडत आलेला हात.
मी सात वर्षं हेच काम करतो, पैसे घेऊन,
इतकं बरं करत नाही.

सेकंदाला साठच चित्रं, असं मी सेटिंगमध्ये आवळलं.
प्रणीतचं तोंड उतरलं.
"मागपण लई पळवला तर धागा तुटतो बे,"
वडील म्हणाले, आणि पत्र्याला चुना मारायचं
उद्यावर टाकलं.

साडेनऊला माग थांबले.
हवेतली लव खाली बसायला अर्धा तास लागतो,
हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात
कडक भाकरी झाली, पाणी पिऊन झालं.
मग पोरगा खेळायला बसला.
नरसय्या मागे, पाटावर.
लढाईकडे त्यांचं लक्ष नव्हतं,
कोपऱ्यातल्या आकड्यावर होतं :
एक्याऐंशी. ब्याऐंशी. एक्याऐंशी.

हैदराबादचा काहीतरी ओरडला.
काय म्हणतोय, मी विचारलं.
"आज टिकलास म्हणायलाय,"
नरसय्या म्हणाले, आकड्यावरून नजर न काढता.

कांडी चुकून माझ्या खिशात आली.
परत द्यायची राहिलीय.
दुकानात आता पंखा धरायला
तीच घेतो.